वन्स मोअर मागू नये

चाकणच्या कंपनीत तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली, त्यामुळे समोर आलेला माल आधी खोटाच धरायचा असा माझा स्वभाव झालाय. बायको म्हणते, "तुमी बघायला आलावता तवाबी माझ्याकडं तसंच बघत व्हता." व्हय, बघत होतो. त्यात काय चुकलं?

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी तिनं मला पुनावळ्याहून चिंचवडच्या नाट्यगृहात ओढत नेलं. ऐंशीच्या घरातले एक जुने गायक नट संगीत नाटकातलं त्यांचं गाजलेलं पद गाणार होते. आधी त्यांची मुलगी माइकवर आली. म्हणाली, "गळ्याच्या ऑपरेशननंतर बाबा दोन वर्षांनी पहिल्यांदाच गातायत. आता गाता येतं की नाही, हे त्यांनाच आज बघायचंय. एकच विनंती, कृपा करून वन्स मोअर मागू नका."

माझे कान टवकारले. नाट्यसंगीताला वन्स मोअर नको? म्हणजे जेवायला बोलवायचं आणि दुसऱ्यांदा वाढणार नाही म्हणून पाटावर बसतानाच सांगायचं! त्यात पेटीवाल्याशेजारी लॅपटॉप. बुवांनी माइकही असा धरलेला, की ओठ दिसू नयेत.

"रेकॉर्ड लावणार बघ," मी बायकोला म्हणालो.

"गप बसा की वो."

बुवा गायले. आवाज स्वच्छ, तान खणखणीत, कुठे खोट काढायला जागा नाही. बायको पदर डोळ्याला लावून बसली आणि मला रागच आला. ऑपरेशन झालेल्या गळ्यातून असं येतं होय? आम्हाला काय येडं समजता?

आमच्या कामात एक पीस बरोबर आला म्हणून कुणी शाबासकी देत नाही, दुसरा काढायला लावतात. हाताचं काम असेल तर दोन पीस हुबेहूब निघत नाहीत. टाळ्या ओसरायच्या आत मी उभा राहिलो आणि ओरडलो, "वन्स मोअर!"

सगळं नाट्यगृह माझ्याकडे वळलं. बायकोनं शर्ट ओढला. मुलगी हात जोडत विंगेतून पुढे आली, तिला बुवांनी हातानंच थांबवलं. पेटीवाल्याला म्हणाले, "त्या लॅपटॉपवरचा तंबोरा बंद करा जरा." मग माइकही बाजूला ठेवला आणि पद पुन्हा धरलं.

वरच्या सुरावर आवाज फाटला. ते खाली आले, पुन्हा चढले, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा सूर लागला. बारीक, खरखरीत, पण लागला. म्हणजे मघाचं गाणंही याच गळ्यातलं होतं, आणि त्यातच तो दमला होता. गाढवा, म्हटलं स्वतःला, काय केलंस हे!

माफी मागायला मी रंगपटात गेलो. मुलीनं तोंड फिरवलं. बुवा कोमट पाणी पीत होते. मला जवळ बसवून त्यांनी बराच वेळ निरखलं.

"खरं सांगा," ते म्हणाले. "आजारी म्हातारा, म्हणून दया आली. त्यापायी तर नाही ना दिलात वन्स मोअर?"

"दया?" मी म्हणालो. "देवाशपथ सांगतो बुवा, दया मनात नव्हतीच."

उरलेलं सांगायला माझी जीभ रेटेना. आणि त्यांनी सांगूही दिलं नाही. माझा हात घट्ट धरून मुलीला म्हणाले, "ऐकलंस ना? पुढच्या महिन्यातली कार्यक्रमाची तारीख घे."