आवाज फुटला ते वर्ष

माझा आवाज त्याच्या आधी फुटला. चौदावं लागलं आणि सदऱ्याच्या बाह्या मनगटाच्या वर चढल्या, ओठावर काळपट लव आली, आईच्या हाकेला मी दिलेली ओ ऐकून वडील दचकायला लागले. पण माझ्या आवाजाचं कुणाला काय होतं? माझ्या मित्राची गोष्ट वेगळी होती. तो गायचा.

त्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते. आई आणि तो ग्वाल्हेरच्या सराफ्यामागच्या गल्लीत काकांकडे राहत. आमचं घर खासगी बाजारात, आणि आमच्यापासून दोन दारं सोडून बुवा राहायचे. साठी उलटलेले, गुडघे धरलेले, एकटे. आठव्या वर्षापासून तो त्यांच्याकडे गाणं शिकत होता. मी नुसता कोपऱ्यात बसायचो, कारण शिकवणी संपली की आम्हाला खेळायला जायचं असे.

एका सकाळी वरच्या सुरावर त्याचा आवाज घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. बुवांनी तानपुरा आडवा ठेवला.

“फुटतोय. आता वर्षभर गाणं बंद. तानपुरा लावायचा, ऐकायचं, हातानं ताल धरायचा. आरतीसुद्धा म्हणायची नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि तू याच्यावर लक्ष ठेव. तुझा आवाज तसाही रेड्याचा. याच्या वाटचंही तूच ओरड.”

आम्ही तिघंही हसलो. मी ते काम मनापासून केलं. गणपतीत तो आरतीला नुसत्या टाळ्या वाजवायचा. पोरं विचारायची, “अबे, गूँगा हो गया क्या?” मी मध्ये पडून सांगायचो, “बुवांनी मना केलंय.” कुणीतरी मोठ्या माणसानं मला राखणदार नेमलं, याचा मला अभिमान वाटत होता.

त्याच वर्षी मध्य भारत संपलं आणि मध्य प्रदेश होणार असं ठरलं. आमच्या वडिलांच्या पिढीनं आठ-नऊ वर्षांत तिसरं राज्य पाहिलं. आधी संस्थान, मग मध्य भारत, आता हे. राजधानी भोपाळला जाणार, म्हणून कचेऱ्याही जाणार होत्या. माझे वडील आणि त्याचे काका एकाच कचेरीत. लाल फडक्यांत फायलींचे गठ्ठे बांधले जात होते आणि घरी आई भांड्यांना खळ लावून नावं चिकटवत होती.

बुवांनी त्याच्या काकांना निरोप धाडला: मुलाला माझ्याकडे ठेवा, आवाज बसला की तयार करतो. काकांनी मान्य केलं. त्याच्या आईनंही, रडत का होईना, होकार दिला. म्हणजे तो ग्वाल्हेरला राहणार आणि मी जाणार. तो मला हे सांगताना इतका आनंदात होता की मी एकटा जाणार हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

मला तो भोपाळला हवा होता. आणि त्याचं आयुष्य असं ठरून गेलं, माझं मात्र काहीच ठरलेलं नाही, हे मला सहन होत नव्हतं. या दोन्हींपैकी काय जास्त होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

कचेरीच्या अंगणात एका रविवारी दुपारी कर्मचाऱ्यांचा समारंभ झाला. भाषणं झाली, कचोऱ्या झाल्या. मग एक हेडक्लार्क म्हणाले, “अरे, तो गाणारा पोरगा कुठाय? जाता जाता एक पद होऊन जाऊ दे.”

त्यानं मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य म्हणायचं होतं मला. रोज म्हणत होतो तेच.

त्या वर्षी माझ्यात आणखी एक गोष्ट वाढली होती, जी आरशात दिसत नव्हती. समोरच्याच्या मनात काय चाललंय, त्याला कुठे दुखतं, हे मला कळायला लागलं होतं. मी वाकून त्याच्या कानाशी म्हणालो, “घाबरतोस? बुवांना विचारल्याशिवाय पाणी तरी पितोस का रे तू?”

तो उठला. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत आवाज वर चढला आणि मधूनच फाटला. अर्धा पोराचा, अर्धा कुणा पुरुषाचा. कुणीतरी म्हणालं, “मुर्गा बोला!” सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते. आपापल्या पोरांचे फुटलेले आवाज घरोघरी ऐकलेल्या बापांचं हसू होतं. पण त्याला ते कसं कळावं? तो खाली बसला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी तो बुवांकडे गेला नाही. मोडलेला शब्द घेऊन कोणत्या तोंडानं जाणार? संध्याकाळी बुवांनी मला ओट्यावरून हाक मारली.

“ऐकलं मी. त्याला म्हणावं, बुवा रागावले नाहीत. फुटलेला आवाज जुळतो. सकाळी ये, तानपुरा लावायचाय.”

“हो, सांगतो,” मी म्हणालो.

मी सराफ्यातून चालत त्याच्या घरी गेलो. तो काकूंना सामान बांधायला मदत करत होता, कपबश्या गवतात गुंडाळत होता. वर न बघता त्यानं विचारलं, “बुवा भेटले?”

“भेटले.”

“काय म्हणाले?”

“काही नाही.”

त्यानं आणखी एक बशी गवतात गुंडाळली. रात्री त्यानं काकांना सांगितलं की मीही भोपाळला येतो.

दोन दिवसांनी बुवांनी मला विचारलं, “सांगितलंस?” मी मान डोलावली. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मग म्हणाले, “बरं. आईजवळ राहील, तेही चांगलंच.”

भोपाळला आमच्या दोघांचे क्वार्टर शेजारी शेजारी होते. सहा महिन्यांत त्याचा आवाज बसला. खोल आणि मोकळा. भिंतीपलीकडून तो आईशी बोलायचा तेव्हा मी अभ्यास थांबवून ऐकायचो. आता गुणगुणेल, मग गुणगुणेल असं वाटायचं. तो कधी गुणगुणला नाही. आरतीला तो टाळ्याच वाजवत राहिला.

मी दर उन्हाळ्यात आजोळी ग्वाल्हेरला जायचो. बुवा ओट्यावर बसलेले लांबूनच दिसायचे. मी पलीकडच्या गल्लीनं जायचो. आम्ही तिशीत असताना बुवा गेल्याचं पोस्टकार्ड आलं. ते मीच त्याला वाचून दाखवलं.

गेल्या वर्षी एका दुपारी आम्ही त्याच्या घरी बसलो होतो. त्याच्या मुलाचा आवाज नुकताच फुटला होता. त्यावरून विषय निघाला आणि तो सहज म्हणाला, “बुवांनी माझ्यावर पाणी सोडलं, ते बरोबरच होतं. मी शब्द मोडला होता.”

मग मी सांगितलं. अंगणात त्याच्या कानात जे बोललो ते, आणि निरोपाचंही. मला वाटलं होतं की तो ओरडेल, मला घराबाहेर काढेल. त्याची तयारी मी तीस वर्षं केली होती.

त्यानं विचारलं, “नेमके शब्द काय होते?”

मी सांगितले.

“‘रागावले नाहीत’ हे आधी म्हणाले, की ‘सकाळी ये’ हे आधी?”

इतक्या वेळा ते शब्द मनात घोळवले होते, की आता मला खात्री देता येईना. तसं मी सांगितलं.

तो डोळे मिटून बसला. “दोन्ही तऱ्हेनं म्हण,” तो म्हणाला. “सावकाश. त्यांच्यासारखं.”

मी म्हणालो. एकदा असं, एकदा तसं. माझ्या रेड्याच्या आवाजात. तो मान थोडी कलती करून ऐकत राहिला आणि प्रत्येक वेळी म्हणत राहिला, “नाही, असं नसतील म्हणाले. परत सांग.”