दोन हाका

आमच्या विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला स्वतःचं संशोधन करावं लागतं. पुण्याजवळच्या टेकडीवरचं विद्यापीठ. तिथे अर्थशास्त्रवाला नाटक शिकतो, गणितवाली मानववंशशास्त्र, आणि सगळे मिळून प्रत्येक गोष्टीची चिकित्सा करतात, मेसमधल्या डाळीचीसुद्धा. मी विषय घेतला आमच्या वऱ्हाडातली एक रीत. भर दुपारी किंवा दिवेलागणीला बाहेरून हाक आली, तर लगेच ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली तरच द्यायची. माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नाही त्याला तिसरी हाक मारता येत नाही, असं म्हणतात. त्याला ओ दिली, की ज्याचं नाव घेतलं त्याला ते घेऊन जातं.

वर्गात हे सांगितलं तेव्हा मुंबईच्या एका मुलीने अंगावर आलेला काटा दाखवला. मला हसू आलं. भुताखेतांना मी कधी भ्यायले नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडम मात्र हसल्या नाहीत. "खरं की खोटं ते विचारत बसू नकोस," त्या म्हणाल्या. "ही रीत कोणाच्या उपयोगाची आहे ते बघ. आणि तिचा भार कोणावर पडला तेही बघ."

उन्हाळ्यात रेकॉर्डर घेऊन मी फिरले. दर्यापूरपासून जीपमध्ये कोंबून घेत, बसने बाळापूरला, तिथून अकोल्याच्या जुन्या शहरात. लोक आनंदाने बोलत. बाळापूरला एक म्हातारे शेतकरी ओसरीवर बसून सांगत होते, "आवाज घरच्याच मानसाचा रायते, बाई. परक्याले ओ कोन देते?" एवढं बोलून ते थांबले. मागच्या दाराकडे पाहत त्यांनी बोट वर केलं. उन्हात अंगण नुसतं पांढरं झालं होतं, कोंबडीसुद्धा हलत नव्हती. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट खाली घेतलं. "दोनच झाल्या," म्हणाले, आणि पुढचं सांगू लागले. ती ध्वनिफीत मी नंतर कितीदा तरी ऐकली. तिच्यात पंख्याची घरघर आहे, दुसरं काही नाही.

जुन्या शहरात एका बाईंनी तर प्रात्यक्षिकच दाखवलं. लेकरं पटकन ओ देतात, म्हणून त्यांचं तोंड कसं दाबायचं ते त्यांनी आपल्या नातीच्या तोंडावर तळहात ठेवून दाखवलं. पोरगी खिदळत होती. मला मात्र एकदम श्वास अपुरा वाटला, आणि नाकात कच्च्या कांद्याचा वास भरला. त्या घरात कोणी कांदा चिरत नव्हतं. ऊन लागलं असेल म्हणून मी पाणी प्यायले आणि पुढचा प्रश्न विचारला.

परत जाऊन मी निबंध लिहिला. माझं म्हणणं होतं, की ही रीत म्हणजे दाराला कुलूप नव्हतं तेव्हाचं कुलूप आहे. गडीमाणसं वावरात गेलेली, घरात एकटी बाई. हाक तिच्या नावाने येत नाही, कारण आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही, लेकराच्या नावाने हाक मारतो. म्हणजे लेकराचं नाव कळलं की कोणीही नवऱ्यासारखी हाक मारू शकतो. तीन हाकांमध्ये आवाज ओळखायला तिला वेळ मिळतो. मला हे फार हुशारीचं वाटलं होतं.

मॅडमनी वाचून मान डोलावली. "छान. कुलूप परक्यासाठी असतं, पटलं. पण घरच्याच माणसाला दोनदाच हाक मारता आली असेल, तर?"

मला राग आला. प्रश्न बरोबर होता म्हणून जास्तच आला.

आणि त्या रागातच मला आईची आठवण झाली. एवढी गावं पालथी घातली, पण आईला मी काही विचारलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तसं कारणही होतं. आई ही रीत पाळतच नाही. ती पहिल्याच हाकेला ओ देते. शेजारणीला हाक मारली तरी देते. कधी कधी कोणी हाक मारलेली नसते तरी देते. गल्लीतल्या बाया चिडवतात, "हे तं कावळ्यालेबी ओ देते." माझ्या टिपणांत ती 'रीत न मानणारी' म्हणून एका ओळीत आटोपली होती.

दर्यापूरजवळच्या आमच्या गावी पोचले तेव्हा दुपार झाली होती. आई स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. मी रेकॉर्डर काढला नाही. नुसतं विचारलं, "आई, तू तिसऱ्या हाकेपर्यंत थांबत काहून नाई?"

विळीवरचा तिचा हात थांबला नाही.

"एकदा थांबली होती," ती म्हणाली.

माझे वडील मी तीन वर्षांची असताना गेले. हृदय बंद पडलं, गोठ्यामागे, एवढंच मला माहीत होतं.

"मले वाटे ते वावरात गेले," आई म्हणाली. "अशीच दुपार. मांगून हाक आली, तुह्या नावानं. आवाज त्याइचाच, पन लय बारीक. तू ओ द्याले तोंड उघडलं. मी तुह्या तोंडावर हात ठेवला."

"मंग?"

"मंग दुसरी आली. मी हात अजून दाबला. तिसरीची वाट पाह्यली." तिने चिरलेला कांदा ताटलीत सारला. "अजून पाहूनच राह्यली, बाई."

तिच्या हातांकडे मला बघवेना. डॉक्टर म्हणाले होते, की ती धावत गेली असती तरी उपयोग नव्हता. तिने तेही सांगितलं, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं. मी तिला जवळ घेतलं तर म्हणाली, "सरक, फोडणी जळते." मग मी मागच्या दाराशी जाऊन रडले. मला वडिलांचा चेहराही आठवत नाही, फक्त आईच्या तळहाताचा वास आठवतो.

निबंध मी तसाच दिला, कुलूपवाला. मॅडमच्या प्रश्नाला उत्तर लिहिलं नाही. चांगले गुण मिळाले.

दिवाळीत पुन्हा घरी गेले. एका दुपारी मी मागच्या दारात वाचत बसले होते. गोठ्याच्या बाजूला गुरांच्या कुटाराचा ढीग, त्यापलीकडे तूर, वारा अजिबात नाही. आत आई भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज मधेच थांबला आणि ती म्हणाली, "ओ."

एरवी मी म्हणायचे, कोनी बोलावलं नाई तुले. त्या दिवशी ते ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. मी पुस्तक मिटलं, गोठ्याकडे तोंड केलं आणि मोठ्याने ओ दिली.

आई ओल्या हातांनी बाहेर आली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"तुलेबी आयकू आली?" तिने विचारलं. "तुह्याच नावानं होती ना?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले.