एका मूत्रपिंडाचं करडू

कर्जतच्या मटणवाल्यापुढे स्टीलचा डबा धरून बाई म्हणायच्या, "आतलं काही असेल तर द्या." आतलं म्हणजे कापलेल्या गाभण बकरीच्या पोटातलं करडू. आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या या बाई चातुर्मासात कांदासुद्धा खात नसत.

मी मराठी शिकवायची. चिडवायची त्यांना, "बाई, रस्सा कसा झाला?"

"फॉर्मॅलिनचा! या चाखायला."

ही करडं बाई त्या न कुजवणाऱ्या औषधात बुडवून बरण्यांत ठेवत. मुलांना मूत्रपिंड दाखवत. "इथं मागून एक कोंब फुटतो, शेजारच्या मांसात शिरतो. मांस म्हणतं, तू फांद्या फोड. कोंब म्हणतो, तू मूत्रपिंड हो. पण ऐकायचा हुकूम मांसाला आधी दिला कुणी? ते अजून शोधायचंय." मुलं जांभया देत. बाईंना पत्ताच नसे.

आमच्या शिपायाचं घर कुंभिवलीला. त्याच्या चार वर्षांच्या नातवाच्या पोटाचा फोटो काढून मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, एक मूत्रपिंड जन्मापासूनच नाही. झालं! शिपायाच्या बायकोनं सुनेला, सगुणालाच धरलं. पोटुशी असताना तिनं ग्रहणात शिराळं चिरलं होतं ना! आता तिला माहेरी शेलूला धाडायचं आणि पोर ठेवून घ्यायचं ठरलं. वाईट हे, की सगुणालाही ते पटलं होतं.

बाईंना कळलं तशा त्या करडाची एक बरणी घेऊन एसटीत बसल्या. मीही गेले. ओट्यावर बरणी ठेवून म्हणाल्या, "वहिनी, ह्यालाही एकच मूत्रपिंड. ह्याच्या आईनं कधी विळी धरली?"

"बकरी गिराणात पाला खाते की!" म्हातारी कसली ऐकते!

"सगळ्याच खातात. मग सगळी करडं अशी का नाहीत?"

म्हातारी बरणीवर वाकून बघू लागली.

"आतला हुकूम चुकतो कधी कधी. कुणाचा, ते मला नाही ठाऊक. विळीचा नाही, एवढं नक्की. आणि एकावर माणूस धड जगतं."

सगुणा पदर तोंडात घेऊन रडायला लागली. तिला माहेरी कुणी धाडलं नाही.

येताना एसटीत बाईंचेही डोळे भरले. "बरणी तीन वर्षं कपाटात आहे हो. पोरगी इतके दिवस मनात जळत होती, आणि मी विचारलंसुद्धा नाही." मी त्यांचा हात धरून बसले.

पुढे बाई आजारी पडल्या आणि गेल्या. वर्षभरानं मोठं ग्रहण आलं. शाळेला सुट्टी, रस्ते ओस, घरांची दारं बंद. सगुणाला दुसऱ्या खेपेचा सातवा महिना होता. मला राहवेना, गेले.

शिपायाचं दार उघडं होतं. सगुणा विळीवर बसली होती, पुढ्यात शिराळं. उचलायची, परत खाली ठेवायची. बाई हव्या होत्या तेव्हा, फार वाटलं. शेजारी म्हातारी मांडी घालून बसलेली. घाबरली तीही होती, पण सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली,

"चिर गं. या खेपेला कुणी बोल लावलाच, तर मला लावू दे."