बेल वाजवून दोन पावलं मागे

आमच्या फ्लॅटची बेल वाजली की आई आधी सेफ्टी डोअरच्या जाळीतून बघते. ओळखीचं कोणी नसेल तर समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत म्हणते, "नकोय." आवाज चढलेला नसतो, पण त्यानंतर बोलायला जागा उरत नाही.

लहानपणी मला ते बरं वाटायचं. दारात अनोळखी माणूस आला की मी आतल्या खोलीत पळायचे. पुढे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात दीड वर्ष मीच लोकांच्या दारात उभी राहिले, छातीवर नावाचा काळा बिल्ला लावून, आणि कितीतरी दारांतून आईचा तोच "नकोय" इंग्रजीत ऐकला.

बंगळूरला शिकत असताना एका रविवारी रूममेटबरोबर मी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये गेले आणि मग जात राहिले. तिथे गप्प बसलं तरी कोणी "बोल की गं" म्हणत नसे, हे मला फार आवडलं होतं. त्याच चर्चच्या मुली इच्छा असेल तर दीड वर्ष धर्मप्रचाराला जातात. कुठे जायचं ते आपण ठरवत नाही, पत्र येतं. माझ्या पत्रात इंग्लंड होतं.

बाबा रेल्वेत आहेत, नाशिकहून मनमाडला अप-डाऊन करतात. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "दीड वर्षच ना?" आई मात्र ओट्यापाशीच उभी राहिली. रागावली की तिची भाषा मळ्याकडची होते.

"देवाचं मला काय म्हणायचं नाय. पण मी आईबरोबर पाटी घेऊन ह्याच गंगापूर रोडला बंगल्या-बंगल्याला हिंडलेय. मेथी घ्या, कोथिंबीर घ्या. लोक दार पण नीट उघडत नव्हते. म्हणून तुला इंग्लिश मीडियमला घातली. आणि तू त्याच इंग्लिशमध्ये लोकांची दारं वाजवायला चालली?"

आजोळी भाजीचा मळा होता हे मला माहीत होतं. आई पाटी घेऊन दारोदार फिरली होती, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तरीही मी गेले.

तिथे आम्ही दोघी-दोघी असायचो आणि जोडीदारणीच्या नजरेआड व्हायचं नाही असा नियम होता. माझी जोडीदारीण फिलिपाइन्सची, झोपेतसुद्धा बोलणारी. तिनेच मला शिकवलं की बेल वाजवली की दोन पावलं मागे यायचं, म्हणजे आतलं माणूस दचकत नाही. मी चार पावलं मागे यायचे. ती माझा कोट धरायची. "सिस्टर, अजून मागे गेलीस तर गाडीखाली येशील."

सगळेच दिवस वाईट नव्हते. एका माणसाने मला खालपासून वरपर्यंत बघून विचारलं, "तुमच्याकडे देव कमी पडले, की आमचाच आम्हाला परत द्यायला आलीस?" मला खरंच हसू आलं. तोही हसला आणि हसत हसतच त्याने दार लावलं. पण फेब्रुवारीतल्या पावसात सबंध दिवस एकही दार उघडलं नाही की मी संध्याकाळी बाथरूममध्ये टबाच्या काठावर बसून राहायचे. एकटं राहायला तेवढीच जागा होती. त्या वेळी मला मेथीची पाटी आठवायची.

एकदा वाऱ्याने आडवी झालेली कचऱ्याची पेटी आम्ही उभी करून दिली, तेव्हा त्या घरातल्या म्हाताऱ्या बाई आम्हाला चहाला आत घेऊन गेल्या. आम्हाला चर्चच्या नियमाने चहा वर्ज्य. नाशिकमध्ये वाढलेल्या मुलीला कोणाच्या घरी चहाला नाही म्हणणं फार जड जातं. अर्धा कप तरी घ्यायचा असतो. मी अडखळत सांगितलं. त्यांनी किटलीतलं नुसतं गरम पाणी फुलाफुलांच्या कपात ओतलं, बशीत बिस्कीट ठेवलं आणि चहाच असल्यासारखं पुढे केलं. मग दर गुरुवारी तसंच. आम्ही पुस्तक काढायला लागलो की म्हणायच्या, "देवाचं नंतर. आधी हातपाय गरम करा." त्यांनी चर्चमध्ये कधी पाऊल ठेवलं नाही.

एकदा त्यांनी मला विचारलं, "तू एवढ्या लांब आलीस, आईला चाललं?"

"हो," मी म्हटलं. बिल्ला लावून मी तेवढं एकच खोटं बोलले.

दर सोमवारी घरी व्हिडिओ कॉल असायचा. बाबा हवामानापासून बसच्या तिकिटापर्यंत सगळं विचारायचे. आई विचारायची, "जेवलीस का?" मी हो म्हटलं की उठून जायची आणि स्क्रीनवर तिची रिकामी खुर्ची दिसत राहायची. तिने अजून एक काहीतरी विचारावं, कितीही लहान, एवढंच मला हवं होतं.

परत आले तेव्हा बिल्ला काढलेला होता. आमच्या दाराची बेल वाजवली आणि सवयीने दोन पावलं मागे येऊन उभी राहिले. आईने दार उघडलं, माझ्या पायांकडे बघितलं. "अशी काय उभी राहिलीस? आत ये." त्यानंतर कित्येक महिने तिकडचा विषय निघाला नाही.

मग एप्रिलमधली एक दुपार. मी टेबलाशी लॅपटॉपवर काम करत होते. बेल वाजली. पाण्याच्या फिल्टरवाल्या दोन मुली होत्या.

"मॅडम, दोनच मिनिटं..."

"नकोय."

आई वळली. मला जाळीतून त्या दिसत होत्या. एकीने ओढणीने मान पुसली. दुसरी, बहुतेक नवीन असावी, समोरच्या फ्लॅटच्या बेलकडे बघत नुसती उभी होती. तिचं बोट काही पुढे जाईना. मी तिच्याकडे बघतेय हे आईने पाहिलं. ती परत दाराकडे फिरली आणि तिने कडी काढली.

"ए पोरींनो, समोर कुलूप आहे. इकडे या."

एकीने लगबगीने बॅगेची चेन उघडली.

"ते काढू नका. मला काही घ्यायचं नाही. बसा, पाणी प्या."

"मॅडम, आमच्या फिल्टरचं एकदा पिऊन तर बघा..."

"ते तुम्ही पिताच की रोज. आज माठातलं प्या."

नवीन मुलगी हसली. ती दोन ग्लास पाणी प्यायली. आईने गाव विचारलं तर म्हणाली, हरसूल, पण इथे रूम घेऊन राहतो.

"अशी उन्हात दारोदार हिंडतेस, आईला माहितीये?"

"हो," ती ग्लासात बघत म्हणाली. ते "हो" मी ओळखलं.

त्या गेल्या. आई सिंकपाशी उभी राहून ग्लास विसळायला लागली. माझ्याकडे पाठ होती.

"तुला द्यायचं का गं कोणी पाणी, तिकडे?"

"एक आजी द्यायच्या. गरम पाणी. कपबशीत."

"गरम? ते का?"

"चहा चालत नाही ना आम्हाला. मग त्या नुसतं पाणीच चहासारखं द्यायच्या, सोबत बिस्कीट ठेवून."

आईने नळ बंद केला. पदराला हात पुसत ती आली, माझ्या समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "एकट्याच राहायच्या का त्या?"