बाबांच्या नंबरवर गेलेला ओटीपी

माझ्या भावाच्या कंपनीनं त्या वर्षी दिवाळीआधी आपल्या लोकांना घरच्यांसह जहाजाची सहल दिली. मुंबईहून निघायचं, गोव्याला जायचं आणि परत यायचं. भाऊ पुण्याला असतो. त्यानं आमची चार नावं कळवली. आई, मी, तो आणि त्याची बायको. माझ्या घरी सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, आलं होतं. तरी यजमान म्हणाले, "जाय तू. आईसंगं कोणीतरी पाह्यजेच." मी वाशिमला एका पतसंस्थेत काम करते. सुट्टी मिळाली.

आई वाशिमजवळ अनसिंगला एकटी राहते. तिला जायचं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं नात्यातले काही जण म्हणाले की म्हातारीला उगीच ओढत नेलं. कोणी ओढलं नव्हतं. तिनं मला दोनदा फोन करून विचारलं होतं, "जहाजातून जमीन दिसत राहते का गं, का नुसतं पाणीच?" मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, दिसत असेल.

भावानं बजावून सांगितलं होतं, ओळखपत्र ओरिजिनल घ्या, झेरॉक्स चालणार नाही. मी आईचं आधार कार्ड पाहिलं. प्लॅस्टिकचं, रंगीत, गुळगुळीत. त्याच कार्डावर बँकेचं काम झालं होतं, रेशन झालं होतं, वाशिमच्या दवाखान्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ते ओरिजिनल नसेल असं माझ्या मनातही आलं नाही.

अकोल्याहून रेल्वेनं आम्ही दोघी मुंबईला पोचलो. भाऊ आणि भावजय स्टेशनवर घ्यायला आले होते. बंदरावर मोठा थंडगार हॉल होता. भावाच्या कंपनीचे लोक निळे टीशर्ट घालून फोटो काढत होते. आमच्या बॅगा आधीच पट्ट्यावरून पुढं गेल्या. काचेतून जहाज दिसत होतं. इतकं मोठं की आई ते जहाज आहे हे समजायलाच तयार नव्हती. तिला ती पलीकडची इमारत वाटली.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं आमची तिघांची कार्डं मशीनसमोर धरली आणि बाजूला ठेवली. आईचं कार्ड धरलं, पुन्हा धरलं, पुसून धरलं.

"हे स्कॅन होत नाहीये," ती म्हणाली. "हे कलर प्रिंट आहे. ओरिजिनल कुठंय?"

"हेच हाये," आई म्हणाली.

मुलगी मला म्हणाली, "मॅडम, या भारतीय नागरिक आहेत ना? मग मूळ ओळखपत्र लागतं. पासपोर्ट, मतदान कार्ड, काहीही चालेल, पण मूळ."

आईला वाटलं, तिलाच विचारलं. ती म्हणाली, "मी तं अनसिंगची हावो, बाई."

ती मुलगी हसली नाही. तेवढं बरं केलं तिनं.

मतदान कार्ड अनसिंगला कपाटात होतं. पासपोर्ट आईनं कधी काढला नव्हता. हळूहळू आईकडून कळलं की मूळ कागदी आधार घडीवर फाटलं होतं, म्हणून बाबांनीच गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची ही प्लॅस्टिक प्रत करून घेतली होती. आईच्या लेखी हेच खरं कार्ड होतं. नवऱ्यानं हातात दिलेलं, मग खोटं कसं असेल.

मुलीनं एक वाट सांगितली. मोबाईलवर आधार पुन्हा डाउनलोड करून दाखवलं तर चालेल. जो नंबर आधारला जोडला आहे त्यावर ओटीपी येईल, तो टाकायचा. काउंटर थोड्या वेळात बंद होणार होतं, तेव्हा लवकर करा म्हणाली.

मी फोनवर सगळं भरलं. पडद्यावर नंबराचे शेवटचे चार आकडे आले. ते पाहून मी आणि भाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. तो बाबांचा नंबर होता.

बाबा विहिरीवरच्या मोटारी भरायचे, म्हणजे जळालेल्या मोटारीची तांब्याची तार काढून नवी गुंडाळून द्यायचे. आसपासच्या खेड्यांमध्ये त्यांचा नंबर लोकांना तोंडपाठ होता. गावात आधारचा कॅम्प आला तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या नावापुढं आपलाच नंबर लिहून दिला. आम्ही भावंडांनी नंतर आपापले बदलले. आईचा राहिला. बाबा गेले त्याला तीन वर्षं होत आली होती. त्यांच्या फोनला कोणी रिचार्ज केलं नाही आणि नंबर आपोआप बंद पडला.

"बंद नंबरावर गेला ओटीपी," भाऊ म्हणाला. "झालं."

त्याच्या कंपनीचे लोक एकेक करून आत जात होते. त्याचे साहेब जाताना त्याला हात करून गेले. तो कपाळ दाबत उभा राहिला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, असं करू. तू आईला घेऊन परत जा. आम्ही दोघं जातो. मी नाही गेलो तर बरं दिसत नाही."

भावजय म्हणाली, "असं कसं? आपण सगळेच परत जाऊ."

"तुला नाही कळत तिथलं," तो तिला म्हणाला.

आई लगेच म्हणाली, "जा तुमी. मी अन् ताई जातो." आणि ती खरंच पिशवी काखेत मारून दाराकडे वळली. तिनं जहाजाकडे पाहिलंही नाही.

मला राग आला होता, पण तो कोणावर काढायचा हे कळत नव्हतं. हातात फोन होता. मी बाबांचा नंबर लावला. तो लागेल असं वाटून लावला नाही. काहीतरी करायचं म्हणून लावला.

रिंग गेली.

एका पुरुषाचा आवाज आला. "हॅलो, कोण?"

मी घाबरत, अडखळत सगळं सांगितलं. हा नंबर पूर्वी आमच्या वडिलांचा होता, आताच तुमच्याकडं एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगता का.

"आवो ताई," तो म्हणाला, "मी काय येडा हाय का? ओटीपी कुणाला सांगायचा नसतो."

तो बरोबर बोलत होता. पतसंस्थेत रोज मी खातेदारांना हेच सांगते. फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मी त्याला म्हटलं, "तुमचं खरं आहे. पण आम्ही बंदरावर अडकलो आहोत. माझी आई इथं आहे."

"आई हाय तर आईला द्या."

आई दाराजवळ उभी होती. मी धावत जाऊन फोन तिच्या हाती दिला आणि आवाज मोठा केला. भाऊ, भावजय मागं आले.

"बोला," आई म्हणाली.

"आजी, हा नंबर कुणाचा होता?"

"याच्या बापाचा," आई भावाकडे बोट दाखवत म्हणाली, जसं काही फोनवरच्या माणसाला दिसत होतं.

"त्यांचं पूर्ण नाव सांगा. मला लय जणांनी त्यांच्या नावानं फोन केल्यात. मला नाव ठाऊक हाय. बघू बरोबर सांगता का."

मी पुढं होऊन सांगायला लागले तर तो म्हणाला, "ताई, तुमी नको. आजीनं सांगावं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या आईनं बाबांचं नाव कधी घेतलं नाही. लग्नाकार्यात कोणी आग्रह केला तर उखाण्यात तेवढं. बँकेत, तहसीलमध्ये साहेबानं विचारलं की ती मला किंवा भावाला पुढं करायची. बाबा गेले त्या दिवशी दवाखान्यातही फॉर्मसाठी नाव मीच सांगितलं होतं. आता तिनं पदर सारखा केला, फोन तोंडाजवळ नेला आणि बाबांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव असं सगळं एका दमात, शाळेत हजेरी द्यावी तसं सांगितलं.

"बरोबर," तो म्हणाला. "कसं हायत ते?"

"नाई राह्यले," आई म्हणाली. "अटॅक आला."

"आरं देवा." मग तो बोलत राहिला. आपण सांगलीकडं दुधाची गाडी चालवतो, नवीन नंबर घेतला तेव्हापासून कोणाची ना कोणाची मोटार जळायची आणि फोन यायचा. "मी राँग नंबर म्हणायचो. काही जणांना शिव्या बी दिल्या आजी. मला कुणी सांगितलंच न्हाई की माणूस गेलाय."

"तुमाले काय माहीत," आई म्हणाली. "तुमी कायले वाईट वाटून घेता?"

तो पहिला ओटीपी तोवर संपला होता. मी भावाच्या फोनवरून पुन्हा मागवला. त्यानं आकडे सांगितले, आईनं ते मोठ्यानं म्हटले, मी टाकले. कार्ड उतरलं. काउंटरवरच्या मुलीनं ते मशीनसमोर धरलं आणि मशीन वाजलं. आई जहाजावर चढायला मोकळी झाली. मी त्या माणसाचे आभार मानायला फोन कानाला लावला तर त्यानं ठेवूनही दिला होता.

आम्ही चढलो. सगळे चढलो. भावाच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. तो आईची पिशवी घेऊन पुढं चालत होता आणि उगीच मोठ्यानं बोलत होता, हे बघ, ते बघ. आईही हो हो करत होती. पण "आम्ही दोघं जातो" हे वाक्य आमच्याबरोबर जहाजावर आलं होतं. जेवताना ते होतं, फोटो काढतानाही होतं. भावजय त्याच्याशी कामापुरतं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याजवळ कठड्याला येऊन उभा राहिला. चहूकडं पाणीच होतं. जमीन दिसत नव्हती.

"ताई, तुला माझा राग आला ना?"

"तू आता विचारून राह्यला?"

"माझ्या प्रमोशनचं चालू आहे. तुला माहीत नाही तिथं कसं असतं."

"तू गेला असता, यात काही नाही," मी म्हटलं. "पण तिच्यासमोर म्हणायला नको होतं."

तो आत निघून गेला. मला वाटलं मी नेमकं बोलले. आता वाटतं, नाही बोलले. तिच्यामागं म्हटलं असतं तर चाललं असतं का? ते मी त्याला सांगितलं नाही आणि मलाही नीट सांगता येत नाही.

परत आल्यावर मला वेगळीच चिंता लागली. आईचं आधार, पेन्शन, गॅस, बँक, सगळ्याचे निरोप सांगलीकडच्या एका दूधवाल्याच्या फोनवर जात होते. माणूस चांगला निघाला म्हणून बरं. पुढच्याच आठवड्यात तिला वाशिमला बोलावून आधार केंद्रात नेलं. रांग मोठी होती. आम्ही बाकावर बसलो. मी तिला विचारलं, "त्यानं जातो म्हटलं तवा तुले वाईट नाई वाटलं?"

"वाटलं," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "तुमा दोघायचंही वाटलं."

"माझं काहून? मी तं थांबली होती तुह्यासाठी."

"थांबली. पण मले कोणी इचारलं का, आई, तू एकटी जाशील का म्हणून? मी गेली असती. तिकीट काढून देलं असतं तं मी अकोल्यापर्यंत आली असती, तिथून वाशिमची गाडी. तू जहाजात गेली असती." ती समोरच्या रांगेकडे बघत बोलत होती. "तुमी दोघं वाटून घेऊन राह्यले होते मले. तू घेऊन जाय, मी जातो. मी म्हंजे काय बॅग हावो?"

बंदरावर त्या दिवशी मी स्वतःला चांगली लेक समजत होते.

आमचा नंबर लागला. आईचे अंगठे मशीनवर उमटेनात. कपाशी निंदून, भांडी घासून रेषा झिजल्या होत्या. केंद्रातल्या माणसानं तिला बोटं ओल्या फडक्यावर घासायला लावली, पुन्हा ठेवायला लावली, शेवटी डोळ्यांचा फोटो घेतला तेव्हा जुळलं. मग त्यानं विचारलं, "कोणता मोबाईल नंबर टाकू?"

मी माझा सांगायला तोंड उघडलं. मला तेच सोयीचं होतं. ती फोन बंद ठेवते, रिचार्ज विसरते, निरोप वाचत नाही. मी हे तिला म्हणालेही.

"वाचता येते मले," आई म्हणाली आणि त्या माणसाला आपला नंबर सांगू लागली. मध्ये एका आकड्यावर अडली, मागं जाऊन पुन्हा सुरुवात केली. त्यानं टाकला. म्हणाला, "आजी, खात्रीसाठी एक ओटीपी येईल, तो सांगा."

आम्ही थांबलो. काहीच आलं नाही. आईनं पिशवीतून तिचा छोटा फोन काढला. तो बंद होता. बॅटरी वाचावी म्हणून तिनं बसमध्ये बसतानाच बंद केला होता. तिनं बटन दाबून धरलं. मागचे लोक कुरकुर करू लागले. मी हात पुढं केला, तिनं फोन माझ्याकडे दिला नाही. पडद्यावर उजेड आला, आणि ती चष्मा सरळ करून त्याच्याकडे बघत उभी राहिली.