एका दाताची गिरणी

पापनाशमच्या जुन्या पेठेत, राजांच्या काळच्या कोठाराशेजारी, नदीकाठच्या भातगिरणीच्या दारात एक म्हातारा बसे. तोंडात एकच दात, पण त्या दातावर निम्मा तंजावूर जिल्हा जेवत होता! तो दाणा कडकन चावून "वाळलंय" म्हणाला, तरच गिरणी सुरू होई.

मी भात घेऊन गेलो, त्याच दिवशी मालकाने ओलावा मोजायचं यंत्र आणलं. म्हाताऱ्याची जागा आता जाणार, हे उघड होतं. यंत्राने माझं भात पास केलं. म्हाताऱ्याने दाणा चावला. "ओलं आहे. कणी पडेल."

"अण्णा, यंत्र खोटं सांगेल?" मालकाने विचारलं.

"त्याला कुठं जेवायचंय?"

मालकाने यंत्राचंच ऐकलं. माझ्या पोत्यात नुसती कणी!

मालक चूक कबूल करतो होय? त्याने म्हाताऱ्याला यंत्राचा प्रमुख नेमलं. आता म्हातारा आधी दाणा चावतो, मग आकडा जुळेपर्यंत यंत्राला थोपटतो.