ताईसाठी निवडलेलं पुस्तक

आमच्या तत्त्वज्ञान विभागात माझ्या समोरच्या टेबलावर जे सर बसत, त्यांची थोरली बहीण सरकारी दवाखान्यात नर्स होती. चौतीस वर्षं, आणि तीही बहुतेक लहान मुलांच्या वॉर्डात. आई लवकर गेल्यामुळे सरांचं सगळं तिनंच केलं होतं. सरांनी पन्नाशी गाठली तरी ती त्यांना चारचौघांत 'बारक्या' म्हणायची आणि सर कानापर्यंत लाल व्हायचे.

निवृत्त झाल्यावर महिन्याभरातच ती आमच्या स्टाफरूममध्ये येऊन उभी राहिली.

"बारक्या, मला एक पुस्तक निवडून दे. देवाधर्माचं, पण प्रवचन नको. दोन्ही बाजूंनी भांडणारं हवं. तुम्ही पोरांना शिकवता ना, तसलं."

सरांना आकाश ठेंगणं झालं. धर्माचं तत्त्वज्ञान हा त्यांचा जीव की प्राण, आणि घरातल्या कुणीही आजवर त्यांना त्याबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. तीन आठवडे त्यांच्या टेबलावर निवडक लेखांचे संग्रह पसरलेले होते. शेवटी दोन उरले. एक पातळ, प्रश्नांनुसार मांडलेला: प्रत्येक प्रश्नावर एक लेख बाजूचा, एक विरुद्धचा, आणि आधी पानभर सोपी ओळख. दुसरा नऊशे पानांचा, ईश्वराच्या अस्तित्वाच्या पुराव्यांपासून सुरू होणारा. विद्यार्थी असताना सरांनी त्याच्यावरच घाम गाळला होता.

मी म्हटलं, "सर, पातळ द्या. सुरुवातच तर करायचीय."

"छे हो! ताई हुशार आहे. पातळ पुस्तक हातात ठेवलं तर तिला वाटेल, मी तिला कमी लेखतो."

जाड संग्रह ताईच्या घरी पोचला. वर सरांनी बजावलं, "क्रमानं वाच हं. मधलं काही गाळू नकोस."

चौतीस वर्षं डॉक्टरांनी लिहिलेला शब्द न् शब्द पाळलेली बाई ती. पेन्सिल आणि वही घेऊन रोज सकाळी वाचायला बसू लागली. दर रविवारी फोन व्हायचा. एकदा तिनं विचारलं, "देव परिपूर्ण म्हटला की तो असायलाच हवा, असं लिहिलंय. नुसत्या व्याख्येतून कुणी असतं का रे?" सर खूश झाले आणि पाऊण तास बोलले. ती "बरं, बरं" म्हणत राहिली. त्यानंतर तिनं पुस्तकाचा विषय काढला नाही. परीक्षा आल्या, पेपर तपासणं आलं. सर धरून चालले की वाचन चालू असणार.

आठ महिन्यांनी सर तिच्याकडे गेले. नात जेवायला बसली होती आणि तिचा हात ताटापर्यंत पोचावा म्हणून खुर्चीवर तोच ग्रंथ ठेवला होता.

"बघ, कामाला आलं तुझं पुस्तक," ताई हसून म्हणाली. सरही हसले. मग त्यांनी विचारलं, "का गं सोडलंस?"

"माझा प्रश्न नव्हता त्यात."

"कुठला प्रश्न?"

तिनं नातीला आधी हात धुवायला पाठवलं. मग सांगितलं. चार नंबरच्या खाटेवर सात वर्षांची एक मुलगी होती. पाच महिने होती. सुई टोचताना स्वतःच ताईला म्हणायची, 'तुम्ही घाबरू नका.' ती गेली त्या दिवशी तिच्या बापानं ताईला विचारलं होतं, हिनं कुणाचं काय वाकडं केलं होतं? "मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार? बावीस वर्षं झाली."

सर घाईघाईनं म्हणाले, "अगं, आहे ना! पाचशे बाराव्या पानापासून सगळा विभाग त्यावरच आहे. दुःख का असतं, निरपराध माणसाला का सोसावं लागतं..."

"मग तिथूनच का नाही दिलंस?"

"तू सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस, बारक्या." आवाजात राग नव्हता. "मी साठाव्या पानावर अडकले. वाटलं, आपलं डोकंच नाही या कामाचं. वाचनालयाचं कार्डही परत करून आले."

दुसऱ्याच दिवशी सर पातळ संग्रह घेऊन धावले. तेव्हा कुठे त्यांना कळलं, त्या आठ महिन्यांत ताईच्या नजरेच्या मधोमध डाग पडला होता. डॉक्टर म्हणाले होते, आहे तेवढी नजर टिकली तरी पुष्कळ. छापील अक्षर आता लागत नव्हतं. सर म्हणाले, "मी वाचून दाखवतो."

दोन रविवार वाचलं. तिसऱ्या रविवारी तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "राहू दे. तू छान वाचतोस, पण तुझा आवाज वर्गातला आहे. मला हे एकटीनं वाचायचं होतं रे. मधेच थांबून, थोडं रडून, पुन्हा वाचायचं होतं. तुझ्यासमोर नाही जमत."

हे सगळं सरांनी मला पहिल्या वर्षासाठी पाठ्यपुस्तक ठरवायच्या बैठकीआधी सांगितलं. म्हणाले, "बाई, खरं सांगू? जाड पुस्तक मी तिच्यासाठी निवडलंच नव्हतं. मी काय काय पचवलंय, ते तिनं एकदा बघावं असं वाटत होतं. तिचे चांगल्या डोळ्यांचे शेवटचे आठ महिने मी त्यात घालवले."

बैठकीत त्यांनी कुठल्याच पुस्तकाला मत दिलं नाही. रविवारी ते अजूनही ताईकडे जातात. कधी कधी ती त्या मुलीविषयी बोलते, आणि सर नुसते ऐकतात.